राखेवरची पावलं

एकदा एका डोंगरावर एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह राहत होते. डोंगरावरचे रान पूर्वी अखंड होते. तोडीनंतर त्याचे दोन तुकडे उरले, वरची राई आणि खालची राई, आणि दोन्हींना जोडणारा करवंदीच्या जाळ्यांचा एक अरुंद पट्टा. औषधाचा हिरडा वरच्या राईत होता. तोही एकच, आणि म्हातारा.

गुरूंची दृष्टी मंदावली होती. जाळीतून वर जाताना ते दोनदा पडले. हे पाहून शिष्याने कोयता घेतला आणि आठ दिवसांत पट्टा असा साफ केला की काडी दिसू नये. गुरू आले, पायाने जमीन चाचपली आणि तसेच परत फिरले. शाबासकीची वाट पाहणाऱ्या बिचाऱ्याला ते फार लागले.

त्या दिवसापासून गुरूंनी एक विलक्षण नेम धरला. दिवस मावळताना चुलीतली राख चाळून त्या उघड्या जागेवर पसरायची आणि उजाडताच शिष्याला विचारायचे, "काय उमटलंय?"

"पावलं, बाबा. उंदरांची. पुष्कळ आहेत."

"किती तऱ्हेची?"

"एकाच."

एवढे ऐकले की त्या दिवशी गुरू अर्ध्या भाकरीवरून उठत. असे सोळा दिवस चालले. गुरूंचे चित्त भ्रमले की काय, या विचाराने शिष्याला घोर लागला. अखेर त्याने विचारलेच, "राख पावलांनी भरलीय, बाबा. मग तुम्ही झुरता कशासाठी?"

"ही पावलं आपल्या घरातल्या उंदराची," गुरू म्हणाले. "त्याला उघड्याची भीती नाही. जाळी होती तेव्हा तिच्याखाली मी सात तऱ्हेची पावलं मोजली होती. रानउंदीर, काटेरी उंदीर, चिचुंद्री. घुबड झडप घालील म्हणून हे जीव चार हातसुद्धा मोकळ्यावर येत नाहीत. रानउंदीर हिरड्याच्या बिया पुरतो आणि निम्म्या विसरतो. त्यांचीच झाडं होतात. आता खालून नवे जीव वर यायचे नाहीत, वर अडकलेले वरच संपतील, आणि या म्हाताऱ्या हिरड्यामागे त्याचं एक रोपही उरायचं नाही. तू माझ्यासाठी वाट केलीस रे. म्हणून सांगायला जीभ रेटली नाही."

त्याच दिवशी शिष्याने काटेरी फांद्या आणि पडके ओंडके ओढून पट्ट्यात टाकले, करवंदीची रोपे लावली. गुरू वर जाईनासे झाले. हिरडा तोच लांबच्या वाटेने जाऊन आणून देई. फांद्यांखाली राखही तोच पसरू लागला, आणि रोज पहाटे तिथे वाकताना त्याच्या मनात येई, उशीर तर झाला नसेल?

अकराव्या महिन्यात एका सकाळी राखेत एक नाजूक रांग दिसली.

"वेगळं पाऊल आहे, बाबा. खालून वर गेलंय."

"आणि परत आलेलं?"

शिष्याने सारी राख निरखली. "अजून नाही."

"चल, वर उरलेल्यांनी पुरलेलं हिरड्याखाली काही उगवलंय का पाहू," गुरू म्हणाले.

शिष्याने त्यांचा हात धरला आणि जाळीला वळसा घालून, लांबच्या वाटेने त्यांना वर नेऊ लागला. दुप्पट वेळ लागला, पण गुरू एकदाही अडखळले नाहीत. हा हात आपण पहिल्याच दिवशी धरायला हवा होता, हे त्याला चढता चढता कळले.