पोळ्याचा राजा आणि अभयमंडळाचा प्रमुख

फार पूर्वी, माणसं वाद घालायलासुद्धा अंघोळ करून, धुतलेलं उपरणं घेऊन जात असत त्या काळी, एका नगरात एक विद्यापीठ होतं. तिथे एक अभयमंडळ होतं. कुणी काही नवं शिकवलं, नवं लिहिलं, तर त्याला घाबरवून गप्प बसवू द्यायचं नाही, एवढंच त्या मंडळाचं काम. एवढंच म्हणायचं, पण करून बघा म्हणजे कळेल!

वाद घालायची तिथली एक रीत होती. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचं. तो माणूस ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणेपर्यंत पुढे बोलायचंच नाही. याला पूर्वपक्ष म्हणत.

एकदा मंडळाचे म्हातारे प्रमुख तीर्थयात्रेला निघून गेले. नवा प्रमुख निवडायचं काम कुलगुरूंवर आलं, आणि तेही नेमकं नको त्या वेळी.

झालं होतं असं. कुलगुरूंनी वीस वर्षं खपून मधमाश्यांवर ग्रंथ लिहिला होता. पोळ्यातली सगळ्यात मोठी माशी हा राजा, बाकीची प्रजा, असं त्यात सांगितलं होतं. नगराच्या राजाला ते इतकं आवडलं, की त्याने भर दरबारात कुलगुरूंच्या अंगावर शाल घातली. आणि आता काल आलेली एक अध्यापिका वर्गात सांगत होती, “तो राजा नाही. ती अंडी घालते.” कुलगुरूंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अध्यापिकेला काढून टाका, अशी कुजबुजही सुरू झाली. तिला ठेवायचं की घालवायचं, हे मंडळाचा नवा प्रमुखच ठरवणार होता.

प्रमुखपदासाठी दोन नावं पुढे आली. एक वक्तृत्वाचे आचार्य. त्यांच्या जिभेवर साखर. दुसरे गणिताचे आचार्य. त्यांच्या नाकावर राग आणि तोंड फटकळ.

वक्तृत्वाचे आचार्य कुलगुरूंच्या घरी येऊन म्हणाले, “मला प्रमुख करा. मग त्या पोरीचा आवाज तुमच्या कानावर पडायचा नाही.”

खोटं कशाला बोला, कुलगुरूंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नाव जवळजवळ पक्कंच झालं. पण नेमणुकीआधी दोघांची परीक्षा घ्यायची रीत होती, आणि ती मोडायला मन धजेना. त्यांनी दोघांना सभेत बोलावलं आणि म्हणाले, “या अध्यापिकेचा पूर्वपक्ष मांडा.”

वक्तृत्वाचे आचार्य तयारच होते. “हिचं म्हणणं असं, की पोळ्यातला राजा बाळंत होतो!”

सभा खो खो हसली. कुलगुरू तर सगळ्यात जास्त हसले.

“हे माझं म्हणणं नाही,” अध्यापिका म्हणाली.

“मग? कुलगुरूंपेक्षा आपण शहाण्या, असं म्हणणं आहे होय?”

“तेही नाही.”

“अगं, मग आहे तरी काय तुझं म्हणणं?”

“ते तुम्ही आत्ता पहिल्यांदा विचारलंत, आचार्य.”

आता कुणी हसलं नाही. गणिताचे आचार्य उठले. “मला तीन दिवस द्या. आणि हिची टिपणं द्या. मला सगळा मूर्खपणा वाटतो, पण वाचल्याशिवाय कसं सांगू?”

तीन दिवसांनी ते आले तेव्हा त्यांचा एक डोळा सुजून पार मिटला होता. स्वतः पोळ्यापाशी जाऊन बसले होते ना! त्यांनी अध्यापिकेचं म्हणणं पायरीपायरीने मांडलं. शेवटी तिचे डोळे भरून आले. “हो, हेच माझं म्हणणं. मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नव्हतं.”

“पटलं तुम्हाला?” कुलगुरूंनी जरा घाबरतच विचारलं.

“छे! मी कुठे त्या माशीला अंडं घालताना पाहिलं? मला अजून तुमचाच ग्रंथ खरा वाटतो. पण हिला बोलू दिलंच पाहिजे. राजा रागावला तरी, आणि तुम्ही रागावलात तरी.”

कुलगुरूंना ते झोंबलं. या माणसाला नेमलं तर आपली वीस वर्षं पणाला लागणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण त्यांना हेही दिसलं, की आपल्या बाजूचा असूनही समोरच्यासाठी उभा राहणारा हा एकच माणूस आहे. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि गणिताच्या आचार्यांचं नाव जाहीर केलं.

पुढच्याच सभेत अध्यापिका पोळ्याचा तुकडाच घेऊन आली. मोठी माशी त्याच्यावर फिरत होती. अध्यापिका समजावू लागली तसे कुलगुरू ताडकन उठले. “हे साफ चूक...”

“कुलगुरू, खाली बसा,” नवे प्रमुख म्हणाले. “तिचं बोलून झालेलं नाही.”

कुलगुरूंना आजवर कुणी खाली बसवलं नव्हतं. पण ते बसले.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” अध्यापिका म्हणाली. “गुरुजी, तुम्हीच पाहा.” कुलगुरू वाकले. मोठ्या माशीने मेणाच्या एका घरात आपलं मागचं टोक घातलं, ती क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. मागे मोहरीहूनही बारीक, पांढरं अंडं राहिलं होतं.

मग कुलगुरूंची पाळी आली. रीतीप्रमाणे त्यांनी आधी अध्यापिकेचं म्हणणं मांडलं. सावकाश मांडलं, एकही गोष्ट गाळली नाही. “हो, हेच माझं म्हणणं,” अध्यापिका म्हणाली.

“आता खोडा,” प्रमुख म्हणाले.

कुलगुरूंनी पुन्हा एकदा वाकून त्या अंड्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“खोडायला काही सापडत नाही,” ते म्हणाले. “आणि बरं का, वीस वर्षांत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मुली, माझ्या ग्रंथातलं ते प्रकरण आता तू लिही.”

तात्पर्य: आपल्याला गप्प बसवायचीही ज्याची छाती आहे, त्याच्याच हाती दुसऱ्याच्या बोलण्याची राखण द्यावी.