थांबलेली पंगत

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध आचार्यांना गाडीत बसवून संक्रांतीसाठी घरी निघाली. आश्रम डोंगराच्या एका अंगाला, घर दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये उंच खिंड. हिवाळ्यात त्या खिंडीत बर्फ पडत असे. पण पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल, असा तिचा अंदाज होता. गाडीला एकच घोडा होता आणि लगाम तिच्या हातात होता.

तिच्या घरची एक रीत होती. संक्रांतीला सगळं कुटुंब एका पंगतीला बसे. जितकी माणसं तितकी पानं मांडली जात, आणि शेवटचं माणूस पाटावर येऊन बसेपर्यंत आजोबा पहिला घास घेत नसत. आजोबा जेवत नाहीत म्हटल्यावर दुसरं कोण जेवणार? या रीतीचा साऱ्या खोऱ्यात लौकिक होता. आजोबांनी यंदा निरोप धाडला होता : 'तुझं पान मांडून ठेवतो. तू आल्याशिवाय घरात कोणी जेवणार नाही. आचार्यांनाही घेऊन ये.' तो कागद तिने तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा तिचे डोळे भरून आले होते.

खिंडीच्या अलीकडे वारा फिरला. आधी बर्फाचा नुसता भुगा उडत होता. मग घोड्याचे कानही दिसेनासे झाले. डाव्या हाताला दरी होती. वाट कुठे संपते आणि दरी कुठे सुरू होते, तेच कळेना. शिष्येने चाबूक उचलला.

चढ संपता संपता वाटसरूंची जुनी दगडी धर्मशाळा लागली. आचार्यांनी तिच्या हातातला लगाम ओढून गाडी थांबवली. ते खाली उतरले, घोडा सोडला आणि त्याला आत घेऊन गेले.

"हे काय?" ती मागोमाग धावली. "आता फक्त उतार राहिलाय! दोन कोस उतरलो की घर!"

"घोडा थकलाय."

"घोडा थकलाय की तुम्ही? मरणाची भीती वाटते का, या वयात?"

"वाटते की. तुला वाटत नाही, याची जास्त वाटते."

असली उत्तरं तिला मुळीच आवडत नसत. वय झालं की माणसं सरळ प्रश्नाला आडवं उत्तर देतात आणि त्यालाच शहाणपण म्हणतात, असं तिचं ठाम मत होतं.

आजोबांसाठी तिने स्वतः वळलेल्या तिळाच्या लाडवांचं गाठोडं आचार्यांनी सोडलं, एक लाडू घेतला आणि सावकाश खाऊ लागले. दुसरा तिच्यापुढे धरला.

"घे."

"तिकडे सगळं घर माझ्यासाठी उपाशी बसलंय," ती म्हणाली, "लहान मुलंसुद्धा! आणि तुम्ही त्यांच्याच वाटचं खाताय? लाज नाही वाटत?"

आचार्यांनी हातातला लाडू खाली ठेवला.

"बत्तीस वर्षांपूर्वी मीही माझ्या मुलाला असाच निरोप धाडला होता," ते म्हणाले. "तू आल्याशिवाय मी जेवणार नाही, असा. माझ्या उपवासात माया आहे, असं मला वाटत होतं. तो याच खिंडीतून निघाला. असंच वादळ होतं. या धर्मशाळेच्या रखवालदाराने त्याला हाताला धरून सांगितलं, थांब. तो म्हणाला, बाबा जेवायचे थांबलेत. बर्फ वितळल्यावर तो आम्हाला सापडला. मुली, मी त्याला मायेने बोलावलं नव्हतं. दोरी बांधून ओढलं होतं. तुझ्या दोरीचं एक टोक आजोबांच्या हातात आहे, दुसरं तुझ्या. ते सोडणार नाहीत. तू सोड. एका बाजूने सुटली तरी ती ढिली पडते."

बाहेर वारा दारावर धडका देत होता. शिष्येने लाडू घेतला. पहिला घास गिळायला तिला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, त्यांची गाडी घरासमोर उभी राहिली. ओसरीवर पंगत मांडलेलीच होती. पानं सुकून वळली होती. धाकटी चुलतबहीण पाटावरच भिंतीला टेकून झोपली होती, तिचे ओठ कोरडे पडले होते. दारात शिष्येचा भाऊ जाड जोडे घालून, घोंगडी पांघरून उभा होता. वादळात तो दोनदा तिला शोधायला निघाला होता आणि दोन्ही वेळा आईने त्याला अक्षरशः मिठी मारून अडवलं होतं.

आजोबा अभिमानाने म्हणाले, "बघ पोरी! कालपासून घरात कोणी घास घेतला नाही."

काल ही गोष्ट ऐकून ती रडली असती. आज तिने भावाच्या जोड्यांकडे पाहिलं.

"आजोबा, मी जेवून आले."

आजोबांचा चेहरा उतरला. "जेवून? आम्हाला सोडून?"

"हो. म्हणून तर पोचले."

आजोबांनी रागाने आचार्यांकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलंत हिला?"

"मी फार उशिरा शिकलो," आचार्य म्हणाले. "तिला वेळेवर कळलं."

आजोबांनी दारातल्या नातवाकडे, त्याच्या जाड जोड्यांकडे पाहिलं. मग उठले, धाकटीला जागं केलं आणि कोणाच्याही आधी तिच्या तोंडात घास भरवला.

पुढच्या संक्रांतीला निरोप आला, तो दोनच ओळींचा होता : 'आम्ही वेळेवर जेवून घेऊ. वाट मोकळी असेल तेव्हा ये.'

त्या वर्षीही खिंडीत बर्फ होतं. शिष्या चार दिवस उशिरा घरी पोचली. तिच्यासाठी कोणी उपाशी नव्हतं, आणि दार उघडंच होतं.