गार हाताची डोण

या, इकडून या. चपला राहू द्या पायात, हे काही देऊळ नव्हे. शेंदूर नाही, घंटा नाही म्हणून तोंड वाकडं करू नका. सोनवड घाटाच्या पायथ्याशी बघण्यासारखं जे आहे ते हेच. एका अखंड काळ्या दगडात कोरलेली ही डोण. वरच्या झऱ्याचं पाणी एका अंगानं येतं, दुसऱ्या अंगानं निघून जातं. जनावरं पाणी पितात ती पलीकडच्या हौदावर. इथं माणसं हात घालतात. घोडं घेऊन घाट चढायचा असला की दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात धरायचे, बोटं गारठेपर्यंत. मग ते पुसायचे आणि घोड्याच्या अंगावरून फिरवायचे. आधी मान, मग पाठ, कंबर, चारी पाय. खोगीर त्यानंतर. वरातीची घोडी नेणारे हे करतात, वर थंड हवेला आलेल्या लोकांना फिरवणारेही करतात. कोणी केलं नाही तर त्याला अडवत नाही कुणी. पण त्याच्याशी मग बोलतही नाही.

हे का, ते ऐकून जा. एवढे आलात तर घटकाभर बसायला काय जातं?

घाटात अजून गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट सांगतात. दावलजी नावाचे शिलेदार इथं राहत. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं बाळगून चाकरी करणारा स्वार. त्यांच्या पागेत सहा जनावरं होती आणि त्या सहांची देखभाल येसबा मोतद्दाराकडे. दावलजींना लहानपणी पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते येसबानंच, म्हणून धनी असूनही ते त्याला अहोजाहो करत.

येसबाच्या हाताचं नाव दहा गावांत होतं. रोज उजाडताना खरारा, मग गवताच्या बोळ्यानं अंग रगडणं, आणि शेवटी नुसत्या तळहातानं मालीश. हात फिरवता फिरवताच तो सांगायचा, हिचा खांदा आखडलाय, याच्या खुरात खडा आहे, हिला आज दाण्याची चंदी निम्मीच घाला. कधी चुकला नाही म्हणे. दावलजी स्वारीला निघताना जनावराकडे बघायचेही नाहीत. येसबाला विचारायचे, "काय म्हणतो हात?" तो "बरी आहे" म्हणाला की टांग टाकायचे.

सहांमध्ये पाखरी नावाची एक घोडी होती. ती आईच्या पोटात आडवी आली होती. येसबानं कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर ओढलं. आई तिसऱ्या दिवशी गेली. मग येसबानं शेळीच्या दुधावर शिंगरू जगवलं. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको चेष्टेनं म्हणायची, "तुम्ही आपले पागेतच निजा, ताट तिकडंच धाडते." तो खरंच निजायचा.

तर एका पौषात पाखरी लांबच्या दौडीवरून घामानं निथळत आली. येसबानं तिला फिरवलं, पुसलं, झूल घातली. करायचं ते सगळं केलं, त्यात कसूर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दावलजींना तिच्यावरूनच घाटमाथ्यावरच्या छावणीत पोचायचं होतं. सकाळी थंडी अशी की गवतावर पांढरं धरलेलं. येसबाची बोटं तोवर सांध्यांत सुजायला लागली होती. ते दावलजींना माहीत होतं. माणूस मायाळू. स्वतः पाचोळा गोळा करून त्यांनी शेकोटी पेटवली आणि म्हणाले, "येसबा, आधी हात शेका."

"तुम्हाला घाई आहे, धनी."

"घाई मला आहे. तुमच्या बोटांना नाही."

आता, येसबाला त्याच्या बापानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं की विस्तवाजवळून उठून घोड्याला हात लावायचा नाही. ऊन हाताला जनावराच्या अंगातला ताप कळत नाही. येसबाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं त्यानं पाळलं होतं. पण त्या दिवशी बोटं ठणकत होती, आणि धन्यानं आपल्यासाठी पेटवलेल्या शेकोटीवरून उठणं त्याच्या जिवावर आलं. एक दिवस, म्हणाला असेल मनात. आपण नाही का म्हणत?

त्यानं हात चांगले शेकले आणि मग पाखरीच्या अंगावरून फिरवले. कंबरेवर दाबलं तेव्हा तिनं कान मागं टाकले. तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यात चंदीही थोडी उरली होती. थंडीनं अंग आखडलं असेल, असं त्याला वाटलं. हाताला तर काहीच वेगळं लागत नव्हतं.

"काय म्हणतो हात?"

"बरी आहे, धनी. न्या."

चढ लागला की खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, सैल पडतो. तो पुन्हा आवळून द्यायला येसबा तिसऱ्या वळणापर्यंत बरोबर चालत जायचा. तसा गेला. तोवर त्याचे हात थंडीनं गार पडले होते. तंग आवळून त्यानं सवयीनं खोगिरामागं कंबरेवर हात ठेवला, आणि झटक्यानं मागं घेतला. तापलेल्या तव्यावर पडावा तसा. खालचं मांस लाकडासारखं घट्ट झालं होतं. "धनी, उतरा," एवढंच तो म्हणाला. दावलजी उतरेपर्यंत पाखरीचे मागचे पाय दुमडले होते.

ती उठली नाही. कालच्या दौडीनं तिची कंबर धरली होती. येसबानं तिथंच वळणावर दोन दिवस तिला चोळलं. खालून तेल आणवलं, कोमट करून लावलं, घोंगड्या घातल्या. दावलजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, छावणीचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

फार मोठं दुखणं नव्हतं हो ते. दोन दिवस पागेत उभी राहिली असती, पाणी आणि मालीश वेळच्या वेळी मिळालं असतं, तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत चरायला लागली असती. येसबाला हे सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. हाच त्याचा खरा जाच.

दावलजी एका शब्दानं बोलले नाहीत. गावानंही बोल लावला नाही. उलट म्हणाले, थंडीच तशी होती. येसबानं पागा सोडली. एका पाथरवटाकडून छिन्नी मागून आणली आणि हा दगड कोरायला बसला. दोन हिवाळे लागले. डोण पुरी झाली त्या दिवशी वरून झरा फुटला, असं सांगतात. आमच्या घरात म्हणतात झरा आधीपासूनच होता. तुम्हाला काय मानायचं ते माना. पाणी मात्र वैशाखातही बोटं बधिर करतं. येसबा मग इथंच बसायचा आणि घाट चढणाऱ्यांची घोडी गार हातानं तपासून द्यायचा.

पाच वर्षांनी दावलजी नवं घोडं घेऊन डोणीपाशी आले. तोवर त्यांनी येसबापाशी त्या सकाळचा विषय कधी काढला नव्हता. घोडं धरून उभे राहिले आणि म्हणाले, "येसबा, शेका असं मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतात, धनी. हात माझे होते."

दावलजींना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग बाह्या सारून त्यांनी येसबाशेजारी आपलेही हात पाण्यात घातले. दोघांनी मिळून ते घोडं तपासलं, एकानं उजवीकडून, दुसऱ्यानं डावीकडून. धन्यानं घोड्याच्या पायांना हात लावण्याची ती पहिलीच वेळ म्हणतात.

आजही या डोणीत एकटा माणूस हात घालत नाही. घोडं सांभाळणारा आणि त्यावर बसणारा, दोघांनी घालायचे, दोघांनी अंग चाचपायचं आणि "बरं आहे" हे दोघांनी मिळून म्हणायचं. चुकलंच, तर एकट्याच्या माथी राहू नये. येसबाला ते एकट्यानं म्हणावं लागलं होतं.