ठकूबाईचं विस्थापन

एका गावात एक पिठाची गिरणी होती. तिथं पीठ एखादे वेळी जाडंभरडं मिळायचं, पण बातमी मात्र नेहमी बारीक दळून मिळायची. एके सकाळी सरूआक्का ज्वारीचा डबा खाली ठेवता ठेवता म्हणाली, "ऐकलंत का? विसपुते सरांनी म्हणे फळ्यावर मांडून दाखवलं, ठकूबाईचं विस्थापन..."

तेवढ्यात गिरणीवाल्या नबीभाईनं पट्टा चढवला. गिरणी धडधडायला लागली आणि पुढचं वाक्य पिठाबरोबर उडून गेलं.

उरलेलं अर्धं लोकांनी आपल्या पदरचं घातलं. दुपारपर्यंत गावभर झालं की ठकूबाईला आता गावातून काढणार. विस्थापन हा शब्द गावाला नवा नव्हता. बारा वर्षांपूर्वी ठकूबाईचं मूळ गाव धरणात बुडालं, तेव्हा सरकारी कागदावर तिच्या नावापुढं हाच शब्द होता. घर, गोठा, उंबराचं झाड, सगळं पाण्याखाली सोडून ती या गावात आली. इथं तिला शाळेत पाणी भरायचं काम मिळालं. शाळा टेकाडावर आणि विहीर खाली. मध्ये दगडी पायऱ्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा रोज दहा फेऱ्या. तेवढ्यावर ती या गावाची झाली होती. हे काम गेलं असतं, तर तिला पुन्हा गाठोडं बांधावं लागलं असतं.

आता खरं काय घडलं होतं ते ऐका.

विसपुते सर शास्त्र शिकवायचे. बल, गती, ऊर्जा, कसलंही उदाहरण घाला, वाचून संपायच्या आत सरांचं उत्तर तयार. बावीस वर्षांत एकही उत्तर चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्या दिवशी ते नववीच्या वर्गात 'कार्य' शिकवत होते. बाहेर व्हरांड्यात ठकूबाई रांजणात हंडा ओतत होती. सरांना आयतं उदाहरण सापडलं.

"ठकूबाई शाळेतून निघाल्या," सर म्हणाले, "विहिरीवर गेल्या, पाणी घेऊन परत शाळेत आल्या. निघाल्या तिथंच पोचल्या. मग त्यांचं विस्थापन किती?"

"शून्य!" वर्ग ओरडला.

"आणि कार्य म्हणजे?"

"बल गुणिले विस्थापन!"

"मग ठकूबाईंचं दिवसभराचं कार्य किती?"

"शून्य!"

सर हसले. सर हसले म्हणून वर्गही हसला. ठकूबाईचा हंडा क्षणभर हातातच थांबला. मग तिनं तो पुरता रिकामा केला आणि पुढच्या फेरीला पायऱ्या उतरायला लागली. जिनं भरलेलं पाणी पिऊन ही मंडळी घसा ओला करत होती, तिलाच हसायला त्यांचा घसा चालला! सांगा बरं, याला शिक्षण म्हणायचं?

पण हसण्यावारी गेलं असतं तरी बरं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष बाळोजीराव त्याच वेळी गळकं छप्पर बघायला वर्गात आले होते. छप्पर राहिलं बाजूला, त्यांनी शून्य तेवढं उचललं. त्यांचा भाचा रणधीर तीन वर्षं घरी बसून होता. त्याला कुठंतरी चिकटवायचं होतं. बाळोजीरावांनी लगेच ठराव लिहून काढला. शास्त्राच्या आधारे ठकूबाई यांचे कार्य शून्य असल्याचे सिद्ध झाले आहे, सबब त्यांना कामावरून कमी करावे आणि पाणी-व्यवस्थेच्या देखरेखीसाठी श्री. रणधीर यांस नेमावे.

"आणि पाणी कोण आणणार?" कुणीतरी विचारलं.

"पोरं आणतील आपापल्या बाटल्या," बाळोजीराव म्हणाले. "रणधीर देखरेख करेल."

पाण्याचा पत्ता नाही आणि म्हणे देखरेख!

बरं, सरांना आपली चूक कळली नव्हती असंही नाही. त्याच संध्याकाळी घरी चहा पिताना ते एकदम थांबले. कागदावर हंडा काढला, पायऱ्या काढल्या आणि कपाळाला हात लावून बसले. त्यांची बायको मालतीबाई म्हणाली, "अहो, काय झालं?"

"काही नाही. एक उदाहरण चुकलं."

"मग खोडा की! त्यात काय एवढं?"

"ते आता फळ्यावर नाही राहिलं. समितीच्या ठरावात गेलंय."

"मग ठरावात जाऊन खोडा."

सरांनी कागदाची घडी घातली. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. बावीस वर्षांचं नाव जीभ धरून बसलं होतं. पोरानं बेरजेत चूक केली तर हेच सर लाल शाईनं पान रंगवायचे, कान पिळायचे, वर्गासमोर उभं करायचे. स्वतःची चूक मात्र कागदाच्या घडीत घालून खिशात! आणि ठकूबाई तिकडं रोज दहा वेळा त्याच पायऱ्या चढत होती. गावभर कुजबुज होती, पण शनिवारी बोलावलंय, एवढंच तिला कुणी तोंडावर सांगितलं होतं.

शनिवारी नववीच्याच वर्गात समितीची बैठक भरली. पालकांच्या वतीनं सरूआक्का होती, नबीभाई होता. रणधीर नवा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसला होता. बाळोजीरावांनी ठराव ठकूबाईपुढं सरकवला.

"इथं सही कर."

"कशावर?"

"शास्त्रावर! तुझं काम शून्य आहे, हे शास्त्रानं ठरवलंय. त्याला आम्ही काय करणार?"

ठकूबाईनं पेन हातात घेतलं नाही. ती सरांकडं वळली.

"गुर्जी, एक इचारू? मी शाळंतनं निघते आन् शाळंतच येते, हे खरं. मी आपली जागच्या जागी. पर पानी? पानी सकाळी हिरीत असतंय आन् दुपारी रांजणात. ते कुठं माघारी जातंय? त्याचं इस्थापन कुनी मोजायचं?"

नबीभाईनं मान डोलावली.

"सर, सांगा हो हिला एकदा नीट," बाळोजीराव म्हणाले.

खरं तर सुटणं सोपं होतं. चार अवघड शब्द तोंडावर फेकले असते, तर तिथं कुणाला काय कळणार होतं? बाळोजीराव खूश, सरांचं नाव शाबूत आणि ठकूबाई गाठोड्यासकट वाटेला. सरांनी खिशातला कागद चाचपला. मग ते उठले आणि त्यांनी खडू घेतला.

"ठकूबाई बरोबर आहेत. मी चुकलो."

"काय?" बाळोजीराव खुर्चीत सरळ झाले.

"विस्थापन शून्य, हे ठकूबाईंचं. पाण्याचं नव्हे. जाताना हंडा रिकामा असतो, येताना भरलेला. मी जाणं-येणं सारखंच धरलं. पहिल्या पानावरचं पोरगंसुद्धा अशी चूक करणार नाही." त्यांनी फळ्यावर लिहायला घेतलं. "हंडा-कळशी मिळून पाणी वीस लिटर, म्हणजे वीस किलो. गुरुत्वीय त्वरण दहा धरू. उंची..."

सर थांबले. बावीस वर्षं ते त्या पायऱ्या चढत होते, पण किती आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी समितीकडं पाहिलं. समितीनं छपराकडं पाहिलं.

"पन्नास," ठकूबाई म्हणाली. "आन् यक पायरी ईतभर न्हाई भरत."

सर पट्टी घेऊन बाहेर गेले, खाली वाकून पायरी मोजली आणि परत आले. "सोळा सेंटिमीटर. पन्नास पायऱ्यांचे आठ मीटर. वीस गुणिले दहा गुणिले आठ, सोळाशे ज्यूल. ही एक खेप. दहा खेपांचे सोळा हजार. आणि हे नुसतं पाण्याचं. मान दुखते, पाय भरून येतात, उतरताना गुडघे कुरकुरतात, ते या सूत्रात मुळी येतच नाही."

"अहो, पण तुम्हीच शून्य म्हणालात! पोरांनी वहीत उतरवून घेतलंय!"

"सोमवारी पोरं वहीत खोडतील. आधी मी इथं खोडतो." सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि ठरावातल्या 'शून्य'वर आडवी रेघ ओढली.

सरूआक्कानं पदर सावरला. "सर, आता एवढं मांडलंच आहे तर आणखी एक सांगा. रणधीर दिवसभर खुर्चीत बसून देखरेख करणार. त्याचं कार्य किती भरेल?"

सरांनी रणधीरकडं पाहिलं. "तिथं माझं जुनं उत्तर बरोबर आहे."

नबीभाई एवढ्या मोठ्यानं हसला की रणधीर उठून बाहेर गेला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच विस्थापन. बाळोजीरावांनी ठराव घडी करून खिशात घातला आणि पुन्हा कधी काढला नाही.

सर ठकूबाईपुढं हात जोडून उभे राहिले. "ठकूबाई, मला माफ करा."

"पानी आनीन म्या," ती म्हणाली. "पोरांनी तहानलेलं का ऱ्हावं? पर हितनं म्होरं माझं नाव उदाहरनात घालायचं आसंल तर आधी मला इचारायचं. आन् गुर्जी, माझं यक इस्थापन बारा वर्सांमागं झालंय. तवा कुनी फळ्यावर मांडून दावलं न्हाई, किती भरलं ते."

सरांकडं त्याला सूत्र नव्हतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

म्हणजे गिरणीवरची बातमी अगदीच खोटी नव्हती. सरांनी फळ्यावर ठकूबाईचं विस्थापन मांडलं होतं, हे खरं. तिला काढायचा घाट घातला गेला होता, हेही खरं. ती गाव सोडून गेली, एवढं मात्र झालं नाही. सोमवारी दहाच्या ठोक्याला रांजण काठोकाठ भरलेला होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कष्टाचं गणित मांडायचं असेल, तर आधी त्याच्या पायऱ्या मोजून याव्यात, आणि उत्तर चुकलं, तर चारचौघांत मांडलेलं उत्तर चारचौघांतच खोडावं.