तापल्यावर सुटणारा टाका

इंजिनाला हुकूम सोडणारी पेटी मोटारसायकलीत नुकती आली होती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका पेटीतल्या सोल्डरच्या टाक्याला केसाएवढी चीर पडली होती. गाडी तापली की चीर उघडायची आणि इंजिन बंद पडायचं. गॅरेजात गाडी थंड झाली की चीर मिटायची आणि टाका चारचौघांसारखा दिसायचा.

दस्तगीर मेस्त्रींनी आधी प्लग काढला. "माझ्यात खोट नाही हो," प्लग म्हणाला. टाका गप्प बसला. प्लग भंगारात गेला.

गाडी पुन्हा बंद पडली. "आता ही पेटीच टाकून देतो," मेस्त्री म्हणाले.

तेव्हा मात्र टाक्याला कंठ फुटला. "मेस्त्री, चीर मला पडलीय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही मला वितळवाल, म्हणून भ्यालो."

"अरे, वितळल्याशिवाय सांधा जुळतो होय?"

मेस्त्रींनी पेटी उघडली, टाका वितळवून नवा केला. गाडी तापली तरी थांबली नाही. पेटीतले सगळे टाके त्याच्या खरेपणाचं कौतुक करू लागले.

भंगाराच्या डब्यातला प्लग ते ऐकत होता.