फिरवलेली खुर्ची

एक वृद्ध गृहस्थ वळवाच्या ढगांचा पाठलाग करीत गावोगाव हिंडत असत. छंद म्हणावा, तर त्या वयात असला छंद कोणी जोपासत नाही. आणि वेड म्हणावे, तर त्या वेडापायी कितीतरी माणसे, जनावरे आणि खळी वाचली होती. वादळ कुठे उभे राहते आहे आणि कोणत्या वाटेने जाणार हे ताडून ते आपल्या जुन्या जीपने त्याच्या आधी गावात पोहोचत आणि लोकांना सावध करीत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

त्यांचा एक शिष्य होता. पोर मन लावून शिकत होते, पण नशीब बघा! मागच्याच आठवड्यात आभाळ काळेभोर झालेले पाहून त्याने हळद पिकवणाऱ्या केवळाबाईंना घाईघाईने सांगितले, "मावशी, हळद झाका." बाईंनी शिजवून वाळत घातलेली सगळी हळद ताडपत्रीखाली लोटली. आज येईल, उद्या येईल म्हणून तशीच ठेवली. थेंबसुद्धा पडला नाही. उलट ओलसर हळद उबली आणि बऱ्याच मालाला बुरशी धरली. बाईंनी त्याची अशी खरडपट्टी काढली की गाव गोळा झाले. तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागले. ढग ताडण्याची दृष्टी आपल्यात नाहीच, असे त्याने ठरवून टाकले आणि म्हणाला, "गुरुजी, मी घरी जातो." गुरुजी नुसते "बरं" म्हणाले. त्याची पिशवी जीपमध्ये टाकून ते त्याला एसटीच्या थांब्यावर सोडायला निघाले.

वाट केवळाबाईंच्या खळ्यावरूनच जात होती. पश्चिमेला एक प्रचंड ढग गडगडत उभा होता. त्याचे माथे ऐरणीसारखे सपाट पसरलेले, पोटात विजा. अहो, पाहणाऱ्याची छाती दडपावी असा! गुरुजींनी जीप थांबवली, मागची घडीची खुर्ची काढली, आणि त्या ढगाकडे चक्क पाठ करून बसले. समोर होती एक टेकडी आणि तिच्यावर एक चिमुकला पांढरा ढग.

केवळाबाई धावत आल्या. "गुरुजी, ढग तिकडं हाय! तुम्ही इकडं काय बघताय? झाकू का नको, तेवढं सांगा बाई. ही उरलेली हळद बी गेली तर माझं वरीस गेलं."

"याला विचारा," गुरुजी म्हणाले.

"ह्याला? नको रे बाबा!"

शिष्याचे कान लाल झाले. पळून जावे असे वाटले. पण गुरुजी टेकडीवरची नजर हलवीनात, तेव्हा नाइलाजाने त्याने पाहिले. मोठ्या ढगाच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या विसविशीत झाल्या होत्या. टेकडीवरच्या ढगाची कड मात्र ताज्या फुलकोबीसारखी घट्ट होती, आणि बघता बघता तो वर चढत होता. इतक्यात पाठीवर गार वारा आला.

"मावशी, तो मोठा इथवर येणार नाही. हा छोटा येईल. झाका."

बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा गुरुजींकडे पाहिले. "आता चुकलास ना, लेकरा, तर बघ हं," म्हणाल्या आणि ताडपत्री ओढू लागल्या. तिघांनी मिळून हळद झाकली, कडांवर दगड ठेवले आणि बाईंचे घर गाठले. दार लावायला आणि गारा पडायला एकच गाठ पडली! पश्चिमेचा राक्षस दूरच विरून गेला होता.

बाई चहाला आधण ठेवीत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही पाठ का केलीत?"

गुरुजी म्हणाले, "अरे, गडगडणाऱ्याकडे सगळेच बघतात. पण ज्याचं माथं सपाट झालं, त्याचं वाढणं संपलं. तो आता फक्त उतरणार. मात्र उतरताना तो जो गार वारा सोडतो, तो जमिनीलगत पुढे धावतो आणि एखाद्या लहान ढगाला खालून उचलतो. मघाशी तुझ्या पाठीला लागला ना, तोच. मी आता उतरणीला लागलेला ढग आहे, बाळा. मागच्या आठवड्यात तू चुकलास, तरी रात्रंदिवस आभाळच बघत राहिलास. मग इतके दिवस मी खुर्ची फिरवून कोणाकडे बघत होतो, असं वाटतं तुला?"

शिष्याने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

पाऊस थांबला. उघडीप झाली. केवळाबाईंनी ताडपत्री उचलून पाहिली. हळद कोरडी होती. "एसटी तर गेली असेल," गुरुजी जीपकडे जाता जाता म्हणाले.

"जाऊ द्या," शिष्य म्हणाला आणि खुर्चीची घडी करून त्याने ती जीपमधल्या आपल्या पिशवीशेजारी ठेवली.

आपल्याही घरात, वर्गात, कचेरीत गडगडणारे पुष्कळ असतात. अधूनमधून खुर्ची फिरवून बसावे.