डोणीचा पहिला पोहरा

एका राज्यात, डोंगराच्या कुशीला लागून, सात उंबऱ्यांचं एक गाव होतं. नाव डोणवाडी. विहीर एक, विहिरीपाशी दगडी डोण एक. रीत अशी की पहिला पोहरा डोणीत, वाटेवरच्या गुराढोरांसाठी. माणसाचं पाणी मागाहून.

एके साली विहिरीचा गाळ काढताना मोहरांचा हंडा लागला. कुणाची नजर पडेल म्हणून गावाने हंडा आतच ठेवून विहिरीवर शिळा सरकवली. फटीतून घोटापुरतं पाणी शेंदायचे, डोण कोरडी. त्या वाटेने एक मांत्रिक आला. त्याच्या तहानलेल्या बैलाने डोण चाटली, आणि चाटता चाटता तिथेच प्राण सोडला. मांत्रिक बोलला, "पारवे व्हा. माणसाआधी या डोणीला तीन घागरी मिळतील, तेव्हा सुटाल."

झाले पारवे. फट बुजली. शीव ओलांडायला पंख चालेनात. पानांवरच्या दवावर जगले. राजाने हत्ती लावून पाहिले, शिळा हलली नाही. मग दप्तरात लिहिलं : बेचिराख. म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव.

बारा वर्षांनी ठकू माहेरी आली. उंबऱ्यावर एक म्हातारा पारवा बसलेला. आवाज मात्र बापाचा, धोंडजीचा.

"आलीस, बाय? पाय धुवायला पाणी नाही घरात."

"आबा, माहेरचं पाणी आटत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"आटलं नाही गं. आम्हीच झाकलं."

त्याने सगळं सांगितलं. ठकूने पदर खोचला. नदी डोंगरापलीकडे. पहिली घागर ओतली, ती डोणीच्या दगडानेच पिऊन टाकली. दुसरी ओतली, बैलाची हाडं जुळली. तिसरी घेऊन आली, तर पारवा डोणीच्या काठावर लवंडलेला.

"घोटभर दे, ठकू. जीव चालला."

तिने घागर उराशी धरली. "आधी डोण, आबा. तुम्हीच शिकवलंत."

पारव्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मग ओत की. बघतेस काय?"

तिने ओतली. बैल उठला, पोटभर प्यायला, शिंग लावून त्याने शिळा उलथली. त्याच्या तोंडचं पाणी पारव्यावर ठिबकलं आणि धोंडजी उठून बसला. बाकीचे पारवे विहिरीत उतरले, ते माणसं होऊन पायऱ्यांनी वर आले. हंड्यातल्या मोहरांची रेती झाली होती. कुणी वाकून पाहिलं नाही.

धोंडजीने पोहरा सोडला. बारा वर्षांची तहान घशात, तरी भरला पोहरा त्याने डोणीत रिता केला. दुसरा लेकीच्या पायांवर घातला. तिसरा प्यायला.

त्या सांजेला सात उंबऱ्यांवर सात दिवे लागले. राजाने दप्तर मागवलं आणि तो एक शब्द आपल्या हाताने खोडला.